संगणक वेगवान, तरी आवाज का तुटतो?

पुण्यात घरच्या घरी रेकॉर्डिंग करणारे आता पुष्कळ झालेत. कोथरूडच्या फ्लॅटमधल्या आतल्या खोलीत कुणी ऑडिओबुक वाचतं, कुणी पॉडकास्ट करतं, सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात कुणी शिष्यांसाठी पेटीचे धडे भरून ठेवतं. माइक बरा असतो, माइक-हेडफोन संगणकाला जोडणारं यंत्र, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, चांगला असतो, खिडकीला जाड पडदाही लावलेला असतो. आणि तरी आलाप रंगात आला की नेमकं मध्येच ‘टक्’ होतं. किंवा सूर क्षणभर तुटतो. किंवा दोन-तीन सेकंद नुसती चरचर. मग फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, “लॅपटॉप बदलू का?”

बहुतेक वेळा माझं उत्तर ‘इतक्यात नको’ असंच असतं. आवाज तुटतो तो संगणकाची ताकद कमी पडली म्हणून, असं फार थोड्या वेळा घडतं. बहुतेकदा तो तुटतो उशीर झाला म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे एकदा लक्षात आलं की पुढचा सगळा शोध सोपा होतो आणि पैसेही वाचतात.

आधी आत काय चाललेलं असतं ते पाहू. ४८ किलोहर्ट्झवर रेकॉर्डिंग करताना तुमचा आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजला जातो. या प्रत्येक मोजमापाला सँपल म्हणतात. संगणक ही सँपल्स एकेक करून हाताळत नाही, गठ्ठ्याने हाताळतो. हा गठ्ठा म्हणजे बफर. सेटिंगमध्ये ६४, १२८, २५६, ५१२, १०२४ असे जे आकडे दिसतात ती एका गठ्ठ्यातल्या सँपल्सची संख्या. १२८ चा बफर म्हणजे २.६७ मिलिसेकंदांचा आवाज. तेवढ्या वेळात माइककडून आलेला गठ्ठा उचलायचा, त्यावर लावलेले प्लगइन, म्हणजे आवाजावर संस्कार करणारे छोटे प्रोग्रॅम, चालवायचे, सगळे ट्रॅक एकत्र करायचे आणि तयार गठ्ठा इंटरफेसच्या हवाली करायचा. इंटरफेस थांबू शकत नाही. त्याच्या हातात वेळेवर काही पडलं नाही तर तो शांतता वाजवतो किंवा मागचाच गठ्ठा पुन्हा वाजवतो. सलग चाललेली आवाजाची लहर तिथे एकदम तुटते आणि आपल्याला ‘टक्’ ऐकू येतं.

तबल्यावर बसणाऱ्याला हे चटकन समजेल. तुकडा कितीही तयारीचा असो, समेवर आला नाही तर गेला. आणि मागची नव्व्याण्णव आवर्तनं बिनचूक झाली म्हणून शंभरावी चूक कुणी सोडून देत नाही. १२८ च्या बफरला संगणकाला एका सेकंदात ३७५ वेळा सम गाठायची असते. तासाभराच्या रेकॉर्डिंगमध्ये साडेतेरा लाख वेळा. त्यातली एक चुकली तरी ती ऐकू येते.

म्हणून “टास्क मॅनेजरमध्ये तर सीपीयू २० टक्केच दिसतोय” या वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. तो आकडा सगळ्या कोअरची, म्हणजे प्रोसेसरमधल्या स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागांची, आणि बऱ्याच मोठ्या काळाची सरासरी असते. आपल्याला सरासरीशी देणंघेणं नाही. त्या सेकंदातल्या सगळ्यात वाईट तीन मिलिसेकंदांत काय झालं, एवढाच प्रश्न आहे. वर, एका ट्रॅकवर एकामागून एक लावलेले प्लगइन साधारणपणे एकाच कोअरवर चालतात, कारण दुसऱ्याचं काम पहिल्याचं संपल्याशिवाय सुरू होत नाही. आठ कोअरचा संगणक असला तरी त्या एका कोअरची दमछाक झाली की आवाज तुटतो, बाकीचे सात बसून असले तरी.

टक् फाइलमध्ये आहे की नुसतं ऐकताना?

सेटिंगला हात लावण्याआधी हे तपासा. जिथे टक् आलं तो भाग पुन्हा वाजवा, मग आणखी एकदा. दर वेळी त्याच जागी आलं तर ते रेकॉर्ड झालेलं आहे. जागा बदलली किंवा नाहीसंच झालं, तर तुमचं रेकॉर्डिंग सुखरूप आहे आणि फक्त वाजवताना संगणक मागे पडतोय. हे समजलं की जिवात जीव येतो. पाहुणे घरी जाऊन आठवडा झालेला असतो, त्यांना पुन्हा बोलवावं लागणार नसतं. अंतिम फाइल काढताना संगणकाला वेळेचं बंधन नसतं, त्यामुळे वाजवतानाचे असे तुटके आवाज त्या फाइलमध्ये सहसा उतरत नाहीत.

टक् फाइलमध्येच असेल तर लहर मोठी करून बघा, अगदी एकेक सँपल ठिपक्यासारखं दिसेपर्यंत. स्वराची लहर गोलाईने वर-खाली जाते. आवाज तुटलेल्या जागी ती मध्येच उभ्या कड्यासारखी कोसळते, किंवा शून्यावर सपाट रेघ दिसते आणि मग तशीच एकदम उडी मारून लहर पुन्हा सुरू होते. सपाट रेघेची लांबी मोजा. ती नेमकी १२८ किंवा २५६ सँपल्स, म्हणजे तुमच्या बफरएवढी निघाली, तर एक अख्खा गठ्ठा हुकलाय हे नक्की. कधी सपाट भाग नसतोच. मधली सँपल्स गायबच झालेली असतात, आणि मग तो ट्रॅक बाकीच्यांच्या किंचित पुढे सरकलेला सापडतो. गाण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये हे जास्त घातक, कारण तिथून पुढे ताल हलतो.

दिसायला असेच पण वेगळे दोषही इथेच बाजूला काढता येतात. वाचताना ओठ-जीभ सुटण्याचा जो बारीक आवाज येतो तो दोन शब्दांच्या मधल्या शांततेत छोट्या काटेरी कंपनासारखा दिसतो, त्यात कडा नसतो. त्याला पाणी पिऊन बसणं आणि माइक थोडा तिरका ठेवणं हा उपाय. माथे एका रेषेत छाटलेले दिसले तर आवाजाची पातळी जास्त झाली. टक् बरोबर दोन तुकडे जोडलेल्या ठिकाणी असेल तर तिथे छोटा क्रॉसफेड द्या, म्हणजे पहिला तुकडा विरत जाताना दुसरा हळूहळू वर येईल. सतत चालणारी घूं-घूं ही ५० हर्ट्झच्या विजेची, म्हणजे अर्थिंगची गोष्ट. तिचा इथे संबंध नाही.

बफर १०२४ करून बघा

आता एकच चाचणी करा. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये बफर १०२४ करा आणि जसं होतं तसंच काम पुन्हा चालवा. ४८ किलोहर्ट्झला हा बफर २१.३ मिलिसेकंदांचा असतो, म्हणजे संगणकाला आठपट सवलत मिळाली. टक् थांबलं, तर दोष उशिराचा. टक् पूर्ण गेलं नाही, तर घड्याळ, केबल किंवा यूएसबी या बाजूला बघायचं. या चाचणीला दोन मिनिटं लागतात आणि अर्धा शोध संपतो. एखाद्या ड्रायव्हरने, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, संगणक वीस मिलिसेकंदांहून जास्त काळ अडवला तर १०२४ लाही आवाज तुटेल, हा अपवाद तेवढा ध्यानात असू द्या.

मग कायमच १०२४ का ठेवू नये? गाणाऱ्याला हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज उशिरा येतो म्हणून. आवाज आत येताना एक बफर, बाहेर जाताना एक बफर, त्यावर ड्रायव्हरचा आणि रूपांतराचा थोडा वेळ. ही बेरीज १० मिलिसेकंदांच्या पुढे गेली की बहुतेक गायकांना खटकायला लागते. पण यावर उपाय इंटरफेसवरच असतो. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण किंवा खुंटी असते. ती वापरली की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो, उशीर जवळजवळ शून्य. पॉडकास्ट आणि ऑडिओबुक करणाऱ्यांनी तर ६४ चा बफर ठेवण्याचं काही कारणच नाही. ‘कमी बफर म्हणजे चांगली क्वालिटी’ हा समज मला जागोजाग भेटतो आणि तो पूर्ण चुकीचा आहे. बफरचा आवाजाच्या दर्जाशी काडीचाही संबंध नाही. कमी बफर लागतो तो गिटारचा आवाज सॉफ्टवेअरमधून घडवताना किंवा कीबोर्डवर संगणकातली वाद्यं वाजवताना, जिथे थेट ऐकण्याची सोयच नसते.

उशिराचाच दोष निघाला तर आधी स्वतःच्या प्रोजेक्टकडे बघा. रेकॉर्डिंग चालू असताना खरखर काढणारे, हॉलसारखी गुंज देणारे जड प्लगइन बंद ठेवा, ते नंतर लावता येतात. रेकॉर्डिंगसाठी उघडलेल्या ट्रॅकचं काम सॉफ्टवेअरला तिथल्या तिथे करावं लागतं. आधी भरून झालेल्या ट्रॅकचं काम काही सॉफ्टवेअर वाजवण्याच्या थोडं आधीच उरकून ठेवतात, रीपर हे त्यातलं एक. ज्या ट्रॅकचं काम झालंय तो फ्रीझ करा, म्हणजे त्याचे प्लगइन दर वेळी चालणार नाहीत.

विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा आसिओ ड्रायव्हर टाकलाय ना, तेही बघा. आसिओ ही पद्धत स्टाइनबर्गने १९९७ मध्ये आणली ती विंडोजच्या नेहमीच्या लांबच्या वाटेने न जाता आवाज थेट हार्डवेअरपर्यंत नेण्यासाठी. आसिओ-फॉर-ऑल हा वेगळा प्रकार आहे. तो विंडोजच्याच ड्रायव्हरवर आसिओचा मुखवटा चढवतो. ज्या उपकरणाला स्वतःचा आसिओ ड्रायव्हर नाही त्याला तो उपयोगी, पण कंपनीचा ड्रायव्हर असताना तो वापरू नका. मॅकवर हे काम कोअर ऑडिओ करतं, सहसा वेगळं काही टाकावं लागत नाही. लिनक्सवाल्यांसाठी चांगली गोष्ट अशी की वेळेची हमी देणारी रिअल-टाइम व्यवस्था, जी वर्षानुवर्षं वेगळी जोडावी लागायची, ती २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ या कर्नेलपासून (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) मूळ कर्नेलमध्येच सामावली आहे.

प्रोजेक्ट रिकामा, तरीही टक्

एकच ट्रॅक, एकही प्लगइन नाही, आणि तरी आवाज तुटतो, अशी तक्रार असेल तर संगणकात दुसरंच कुणीतरी मध्ये येतंय. विंडोज लॅपटॉपवर बहुतेक वेळा ते एखाद्या ड्रायव्हरचं काम असतं.

वाय-फाय कार्ड, ग्राफिक्स, ब्लूटूथ, बॅटरी या प्रत्येकाला अधूनमधून प्रोसेसरचं लक्ष हवं असतं. ते इशारा देतात आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून त्यांच्याकडे वळतो. लगेच न होणारं काम ड्रायव्हर एका खास यादीत ठेवतात, अशा कामांना डीपीसी म्हणतात. या यादीतल्या कामाला साध्या प्रोग्रॅमपेक्षा वरचा मान असतो. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर त्याला ‘बाजूला हो’ म्हणू शकत नाही. नीट लिहिलेला ड्रायव्हर आपलं काम काही मायक्रोसेकंदांत आटपतो. वाईट लिहिलेला तीन-चार मिलिसेकंद अडून बसतो. तुमचा बफर २.६७ मिलिसेकंदांचा आणि ड्रायव्हर तीन मिलिसेकंद अडलेला, म्हणजे गठ्ठा हुकलाच. प्रोसेसर नवा आणि महागडा असला तरी यात फरक पडत नाही. ऐंशी हजारांच्या लॅपटॉपवर आवाज तुटतो आणि शेजारच्या जुन्या संगणकावर तुटत नाही, ते यामुळे.

हे पकडायला लेटन्सीमॉन नावाचा प्रोग्रॅम आहे, घरगुती वापरासाठी मोफत. तो सुरू करा आणि दहा-पंधरा मिनिटं नेहमीचं काम चालू ठेवा. मग ड्रायव्हर्सच्या पानावर जाऊन ‘सर्वात जास्त वेळ’ या स्तंभावर क्लिक करा, म्हणजे सगळ्यात जास्त अडवणारा वर येईल. आकडा काहीशे मायक्रोसेकंदांचा असेल तर चिंता नाही. दोन-तीन हजारांचा, म्हणजे दोन-तीन मिलिसेकंदांचा असेल तर तुमच्या बफरच्या वेळेशी ताडून बघा, गणित समोरच उभं राहील.

पण वर आलेल्या नावावर लगेच दोष टाकू नका. एनडीआयएस.सिस दिसलं तर ती विंडोजची नेटवर्कची सामाईक फाइल आहे, तिच्या आडून अडवणारा असतो वाय-फाय कार्डचा ड्रायव्हर. एसीपीआय.सिस दिसलं तर वीज आणि बॅटरीची देखरेख. अशा वेळी एकेक गोष्ट बंद करून चाचणी पुन्हा करा. आधी वाय-फाय बंद, दहा मिनिटं. मग ब्लूटूथ. मग वेबकॅम. एका वेळी एकच, आणि कागदावर लिहून ठेवत. लोक चिडून पाच सेटिंग एकदम बदलतात, टक् जातं, पण कशामुळे गेलं ते कळत नाही. पुढच्या अपडेटनंतर ते परत आलं की सगळं पहिल्यापासून. वाय-फाय दोषी निघालं तर कार्डचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून नवा टाका, तोवर रेकॉर्डिंगपुरता फ्लाइट मोड. तसाही रेकॉर्डिंगच्या वेळी इंटरनेट कशाला हवं?

गुरुवारचा दोष

आता वीज. कर्वेनगरातल्या एक काकू मुलांसाठी गोष्टी वाचून रेकॉर्ड करतात. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये कधी टक् असायचं, कधी नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, “अरे, गुरुवारीच येतं बघ ते.” पुण्यात गुरुवार म्हणजे देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस, हे जुन्या माणसांना सांगायला नको. काकूंच्या भागात वीज गेली की सोसायटीचा पंप बंद, फ्रिज बंद, खालच्या गिरणीची घरघर बंद. इतकी शांतता एरवी मिळत नाही, म्हणून काकू मुद्दाम गुरुवारी दुपारी वाचायला बसायच्या. आणि नेमका तेव्हाच लॅपटॉप बॅटरीवर असायचा.

बॅटरीवर आल्याबरोबर लॅपटॉप हात आखडता घेतो. प्रोसेसरचा वेग उतरवतो, दोन कामांच्या मधल्या वेळात कोअर झोपवतो, यूएसबीच्या ज्या जागा रिकाम्या वाटतात त्यांचा पुरवठा कमी करतो. झोपलेल्या कोअरला जागं व्हायलाही वेळ लागतो. त्यातून एक चमत्कारिक गोष्ट घडते. काम जितकं हलकं तितकं प्रोसेसरला झोपायला सापडतं, म्हणून नुसता एक आवाज रेकॉर्ड करताना टक् येतं आणि भरगच्च प्रोजेक्ट वाजवताना येत नाही. हे ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही, पण असं खरोखर होतं.

काकूंच्या लॅपटॉपवर कुणीतरी पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’चा करून दिला होता. मात्र तिथे प्रत्येक सेटिंगच्या खाली दोन ओळी असतात, एक चार्जर लावलेला असतानाची आणि एक बॅटरीची. बदल झाला होता फक्त पहिल्या ओळीत. दुसऱ्या ओळीतही प्रोसेसरचा किमान वेग १०० टक्के केला, यूएसबीची वीज तोडण्याची सवलत बंद केली, बफर ५१२ केला. बॅटरी लवकर उतरते आता, पण गोष्ट पूर्ण होते. तुमच्या लॅपटॉपच्या कंपनीने स्वतःचं वेगळं वीज वाचवणारं ॲप दिलेलं असेल तर तेही उघडून बघा. काही वेळा ते विंडोजच्या सेटिंगवर कुरघोडी करतं.

याच जातीचा दुसरा दोष उन्हाळ्याचा. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशीला टेकतो. आवाज येऊ नये म्हणून आपण पंखा बंद करतो, एसी बंद करतो, दारं-खिडक्या लावतो. अशा खोलीत लॅपटॉप तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग एकदम खाली आणतो आणि तेवढ्या क्षणात गठ्ठे हुकतात. ओळखायची खूण अशी की पहिली वीस-पंचवीस मिनिटं सगळं छान चालतं आणि मग टक् सुरू होतं. लॅपटॉप मागून उंच ठेवा, गादीवर ठेवू नका, आतली धूळ काढून घ्या. इंटेल प्रोसेसर असेल तर पॉवर प्लॅनमध्ये कमाल वेग १०० ऐवजी ९९ टक्के करून बघा. त्याने सहसा टर्बो, म्हणजे प्रोसेसरची जादा वेगाने धावण्याची सोय, बंद होतो. वेग थोडा उतरतो, पण स्थिर राहतो, आणि आवाजाच्या कामाला वेगापेक्षा हे सातत्य जास्त लागतं. शिवाय लॅपटॉपचा पंखाही कमी ओरडतो.

ठराविक अंतराने येणारं टक्

बफर १०२४ करूनही टक् गेलं नाही आणि ते साधारण ठराविक अंतराने येतंय, असं असेल तर घड्याळाकडे बघा. प्रत्येक डिजिटल उपकरणात क्वार्ट्झचा एक स्फटिक असतो आणि त्याच्या ठोक्यावर सँपल्स मोजली जातात. दोन स्फटिक कधीच तंतोतंत एका वेगाने चालत नाहीत. समजा आवाज यूएसबी माइकने घेताय, हेडफोन लॅपटॉपच्या जॅकला लावलाय, आणि दोघांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास इतका बारीक फरक आहे. ४८,००० च्या वेगाला हा फरक सेकंदाला २.४ सँपल्सचा होतो. म्हणजे १२८ सँपल्सचा एक गठ्ठा सुमारे ५३ सेकंदांत कमी तरी पडतो किंवा जास्त तरी होतो. दर पाऊण-एक मिनिटाला टक्! बफर मोठा केला की दोन टक्‌मधलं अंतर वाढतं, टक् मात्र जात नाही.

उपाय सरळ आहे. आत येणारा आणि बाहेर जाणारा आवाज एकाच उपकरणातून न्या. बऱ्याच यूएसबी माइकवर हेडफोनचं भोक असतं, ते वापरा. मॅकवर दोन उपकरणं जोडून वापरायचीच असतील तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये एकाला घड्याळाचा मालक करा आणि दुसऱ्यासमोर ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करा. डिजिटल केबलने दोन यंत्रं जोडली असतील तर दुसऱ्याने पहिल्याचं घड्याळ पाळावं असं सेटिंग करावं लागतं. आणि प्रोजेक्ट ४४.१ चा, इंटरफेस ४८ चा, मागे ब्राउझरमध्ये काहीतरी वाजतंय, असा गोंधळ असेल तर सगळीकडे एकच आकडा करा.

केबलबद्दल एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे, कारण यात फार लोक फसतात. “केबल चांगली आहे, त्याच केबलने हार्ड डिस्क व्यवस्थित चालते” हा पुरावा होऊ शकत नाही. हार्ड डिस्कवर फाइल पाठवताना एखादा तुकडा वाटेत बिघडला तर तो पुन्हा पाठवला जातो, आपल्याला कळतही नाही. आवाजासाठी यूएसबीमध्ये वेगळी पद्धत आहे. तिथे वेळेची जागा राखून ठेवलेली असते, हाय-स्पीड यूएसबीत दर १२५ मायक्रोसेकंदांना एक, पण बिघडलेला तुकडा पुन्हा पाठवण्याची सोय नसते. गेला तो गेला. म्हणून इंटरफेसला लांबलचक, स्वस्त एक्स्टेंशन लावू नका. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, उभं राहून केबल घ्यायचीच असेल तर आखूड आणि जाड घ्या. संगणकाच्या मागच्या बाजूच्या भोकात थेट लावा, पुढच्या पॅनेलला किंवा हबला नाही. वेबकॅम आणि बाहेरची डिस्क दुसऱ्या बाजूच्या भोकांत लावा. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना टक् येत असेल तर इंटरफेस आणि लॅपटॉप वेगळ्या प्लग-पॉइंटवर नेऊन बघा.

कधी कधी दोष तुमच्या हातात नसतोच. २०१८ च्या मॅकबुक एअर, मॅकबुक प्रो आणि मॅक मिनीवर यूएसबी ऑडिओ तुटत असे. मार्च २०१९ मध्ये आलेल्या १०.१४.४ या अपडेटमध्ये ॲपलने त्याची दुरुस्ती दिली. तोवर लोकांनी किती केबल्स बदलल्या असतील! म्हणून सिस्टीमचं आणि इंटरफेसच्या फर्मवेअरचं, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरचं, अपडेट तपासणं यादीत असू द्या, मात्र रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री अपडेट करू नका.

डिस्कवर संशय घेणारे बरेच असतात, पण हिशेब केला तर तो लवकर मिटतो. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झचा एक ट्रॅक सेकंदाला १,४४,००० बाइट लिहितो. सोळा ट्रॅक एकदम भरले तरी सव्वादोन-अडीच मेगाबाइट. जुनी फिरती डिस्कही हे सहज पेलते. अडचण होते ती प्रोजेक्टचं फोल्डर क्लाउडला जोडलेलं असताना, अँटिव्हायरस प्रत्येक नवी फाइल तपासत असताना, किंवा पेन ड्राइव्हवर थेट रेकॉर्ड करताना.

पाहुणे दाराशी आलेत आणि टक् चालूच आहे, अशी वेळ आली तर एवढंच करा: चार्जर लावा, वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करा, ब्राउझर बंद करा, प्लगइन काढा, बफर १०२४ करा, डायरेक्ट मॉनिटरिंग चालू करा. शोध नंतर घेता येईल. आणि शक्य असेल तर शेजारी मोबाइलवर किंवा छोट्या रेकॉर्डरवर दुसरं रेकॉर्डिंग चालू ठेवा, तुटलेल्या जागी तिथला तुकडा बसवता येतो.

नवा लॅपटॉप घ्यायलाच हवा असंही कधी ठरतं. बफर १०२४, ट्रॅक फ्रीझ केलेले, ड्रायव्हर आणि बायोस (संगणक सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) नवे, आणि तरी काम पेलत नाही, तेव्हा जरूर घ्या. पण घेतल्यावर परत करण्याची मुदत संपण्याआधी त्यावर लेटन्सीमॉन चालवा. दुकानदार प्रोसेसर आणि मेमरी सांगेल, ड्रायव्हर किती अडून बसतात ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

दुरुस्ती पक्की झाली का, हे तपासायला बोलून-गाऊन बघणं पुरत नाही, कारण बोलण्यात बारीक टक् लपतं. इंटरफेसच्या आउटपुटमधून एक वायर त्याच्याच इनपुटला लावा. स्पीकर बंद ठेवा, आणि इनपुटवर सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग आणि डायरेक्ट मॉनिटरिंग दोन्ही बंद आहेत याची खात्री करा, नाहीतर आवाज स्वतःभोवतीच फिरत राहील. मग १,००० हर्ट्झचा एकसुरी आवाज मध्यम पातळीवर वाजवा आणि तासभर रेकॉर्ड करा. ती फाइल ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या वेळी कोणते स्वर आहेत ते दाखवणारं चित्र, बघा. एकसुरी आवाज तिथे एका आडव्या पट्टीसारखा दिसतो, आणि जिथे तो तुटला तिथे वरपासून खालपर्यंत उभी रेघ उमटते. ही चाचणी रोजच्या परिस्थितीत करा, म्हणजे रोजचाच बफर, रोजचीच केबल, आणि एकदा चार्जर काढूनही. तासाभरात एकही उभी रेघ दिसली नाही तर पाहुण्यांना वार कळवायला हरकत नाही, गुरुवार असला तरी.